आप्पांची गाडी आणि बीसीएमचा डबा

गॅरेजमध्ये दोन वस्तू कोणी टाकून देत नाही. एक जुने नटबोल्ट आणि दुसरे जुने किस्से. नटबोल्ट निदान तेलाच्या कापलेल्या कॅनमध्ये गप पडून राहतात. किस्से मात्र चार माणसं चहाला बसली की आपोआप बाहेर येतात, आणि एक ओढला की त्याला अडकून दुसरा येतो.

न्हावरा फाट्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. शिरूरकडची गाडी असो नाहीतर दौंडकडची, लाइटचं काम निघालं की माझ्याकडं येते. येतेच! हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे फुशारकी म्हणूनच सांगतोय, पण खरं आहे.

दुकानात आम्ही दोघं. मी बाळू, आणि गफूरमामा. मामा माझे उस्ताद. शिरूरच्या स्टँडमागं त्यांचं दुकान होतं, तिथं मी वायर सोलायला शिकलो. त्यांचं दुकान बंद झालं तेव्हा मी त्यांना इकडं घेऊन आलो. वय सत्तरीला टेकलंय, पण हात अजून स्थिर आहे. आणि मी चुकलो की गिऱ्हाइकासमोर सांगायचं, ही सवयही अजून गेलेली नाही.

आज एकाच गाडीचे किस्से सांगतो. राहू गावच्या आप्पांच्या.

*

आप्पा गुळाची वाहतूक करतात. राहू-पिंपळगावच्या गुऱ्हाळांवरून माल उचलायचा आणि मार्केटला टाकायचा. गाडी सहा टायरी, बारा वर्षांची. मालक तेच, ड्रायव्हर तेच.

एका दुपारी रणरणत्या उन्हात आप्पांची गाडी दुकानापुढं आली, ती वायपर फिरवत! चारही इंडिकेटर लुकलुकतायत, आणि वायपर कोरड्या काचेवर करकर करतोय.

मी म्हणालो, "आप्पा, पाऊस कुठं लागला?"

"केडगावपास्नं लागलाय," आप्पा म्हणाले. "पर भायेर न्हाई. गाडीतच."

गाडी आत घ्यायला मी चढलो. हॉर्न दाबला तर वायपर थांबला. हेडलाइट लावला तर केबिनचा दिवा लागला. हेडलाइट बंद केला तर हॉर्न सुरू झाला, तो थांबेना. रस्त्यावरची माणसं बघायला लागली.

खालून आप्पा शांतपणे म्हणाले, "उतर बाळू. तुला न्हाई जमायचं."

ते चढले. डावा इंडिकेटर दिला, डॅशबोर्डवर एक चापट मारली, हेडलाइटचं बटण दोनदा खालीवर केलं. सगळं बंद! गेल्या पासिंगनंतर वर्षभर ते असेच चालवत होते. कोणतं बटण दाबल्यावर काय होतं, ते सगळं त्यांना तोंडपाठ. मधे पोरानं दोन ड्रायव्हर आणून बघितले. दोघंही गावाच्या वेशीवरून चालत परत आले.

आप्पांच्या डोळ्यांत त्याचा अभिमानच होता. "ही गाडी माझ्याबिगर कुणाच्या बापाला चालवता यायची न्हाई," ते म्हणाले.

पण आता गाडीचं आरटीओचं पासिंग आलं होतं. पासिंगला साहेब एकेक बटण दाबून बघतो, तिथं चापट चालत नाही. आप्पांचा मुलगा धनंजय सणसवाडीला कंपनीत सुपरवायझर आहे. त्यानं बापाला सरळ सांगितलं होतं, पासिंग झालं तर गाडी ठेवू, नाही झालं तर भंगारात घालू आणि तुम्ही घरी बसा. पोरगा वाईट नाही. आप्पांचे गुडघे गेलेत, त्याला काळजी वाटते.

आप्पा मला म्हणाले, "बाळू, गाडीचं सोड. मला घरी बसवू नगं."

सहज म्हणाले, पण मला ते लागलं.

*

या गाड्यांत डॅशबोर्डमागं एक काळा चपटा डबा असतो. बॉडी कंट्रोल मॉड्यूल. आम्ही बीसीएम म्हणतो. लाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, सगळ्यांचे हुकूम त्याच्यातून जातात. तुम्ही बटण दाबता, म्हणजे फक्त अर्ज करता. काम करायचं की नाही, ते डबा ठरवतो.

हे मी आप्पांना नीट समजावून सांगितलं. मोबाइलच्या स्क्रीनवर आकृतीसुद्धा दाखवली. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी गाडीतला ग्रामसेवक!" ते म्हणाले. "त्यो जाग्यावर नसला की गावात दिवाबी लागत न्हाई."

त्या दिवसापासून आम्ही कोणालाही बीसीएम समजावून सांगताना आकृती दाखवत नाही.

*

आता फॉल्ट डब्यातच आहे, हे कशावरून? इथं मला माझाच एक जुना किस्सा सांगावा लागेल. मी सांगितला नाही तर मामा सांगतील, आणि वाढवून सांगतील.

वरवंडच्या एका शेठची गाडी आली होती. हेच सगळं, इंडिकेटर दिला की लाइट मिचमिचायचे. मी गाडीतले फॉल्ट वाचणारा नवाच स्कॅनर घेतला होता. लावला, वाचला आणि छातीठोक सांगितलं, "बीसीएम गेलाय." नवा मागवला, बसवला, चावी फिरवली. लाइट मिचमिच!

घाम फुटला मला. तासभर मी स्कॅनरकडं बघतोय, शेठ माझ्याकडं बघतोय. मामा तेवढ्यात गाडीखाली गेले. दहा मिनिटांनी बाहेर आले, हातात दाढीचं ब्लेड.

"लाव आता," म्हणाले.

लावला. सगळे लाइट लख्ख!

झालं होतं असं की आपल्याकडं दसऱ्याला गाडी रंगवायची पद्धत. शेठनं चासी झेंडूच्या रंगानं रंगवून घेतली होती. पेंटरनं हौसेनं चासीवरचा अर्थिंगचा बोल्टही रंगवला, वायर काढून, खालून वरून, दोन हात देऊन! रंगावर वायर परत घट्ट आवळली. करंट परत जाणार कुठून? मामांनी रंग खरवडला आणि काम झालं.

शेठ भडकला. "मग ह्यो नवा डबा कशापायी बसवला?"

मामा हात पुसत म्हणाले, "दसरा हाय न्हवं शेठ? नवीन वस्तू घ्यायची असती."

तेव्हापासून आमच्याकडं कोणतीही गाडी आली की आधी ब्लेड, मग स्कॅनर. आप्पांच्या गाडीचा अर्थिंगचा बोल्ट मामांनी तपासला. चकचकीत होता. म्हणजे यावेळी डबाच.

*

डबा बघायला ग्लोव्हबॉक्स उतरवला आणि मी थबकलो. आत सगळं पिवळं! वायरी पिवळ्या, कनेक्टर पिवळे, डबा पिवळा. कनेक्टर ओढून काढला तर आतल्या पिना हिरव्यागार गंजलेल्या.

मी बोटानं चाचपून वास घेतला. हळद. भंडारा!

वर बघितलं. डॅशबोर्डवर बरोबर त्या जागी खंडोबाची पितळी मूर्ती, आणि तिच्यापुढं हवा येण्याची जाळी.

"आप्पा, देवाला अंघोळ कधी घालता?"

"रोज," आप्पा छाती पुढं करून म्हणाले. "गाडी घेतल्यापास्नं एक दिस चुकलो न्हाई. तांब्याभर पाणी, मग भंडारा."

"ते पाणी जातं कुठं?"

आप्पा विचारात पडले. बारा वर्षांत हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. "जातंय की कुठंतरी," ते म्हणाले.

मी त्यांना गंजलेल्या पिना दाखवल्या. म्हटलं, आप्पा, तुमच्या देवाच्या पाण्यानं डबा खाल्ला. मला वाटलं, आता ओशाळतील.

"मग बराबर हाय," आप्पा म्हणाले. "तीर्थ मिळालं म्हणून त्यो बारा वर्सं टिकला! आता तुझ्या कंपनीचा डबा बिनतीर्थाचा किती टिकतोय, त्ये बघू."

मी म्हणालो, देव जरा डावीकडं सरकवू. आप्पांनी साफ नाही म्हटलं. "देव हलायचा न्हाई. डबा हलव."

डबा हलत नाही, वायरी पुरत नाहीत. आमची जुंपली. गफूरमामांनी दोघांनाही गप केलं. त्यांनी कूलंटचा रिकामा कॅन कापला, डब्यावर उतरतं छप्पर केलं, आणि त्याच्या टोकाला एक नळी लावून थेट गाडीखाली सोडली. मग आप्पांना म्हणाले, "घाला अंघुळ."

आप्पांनी तांब्याभर पाणी घातलं. खाली पुढच्या टायरजवळ धार लागली. आप्पांनी वाकून बघितलं आणि मामांना हात जोडले.

"देवाला मोरी केलीत की मामा!"

*

छप्पर झालं, पण त्याखाली ठेवायला डबा कुठं होता? बारा वर्षांच्या गाडीचा नवा बीसीएम मिळायला वेळ लागणार होता, आणि पासिंग चार दिवसांवर आलेलं. मी ओळखीनं एका भंगारात गेलेल्या गाडीचा जुना डबा मिळवला. तीच कंपनी, तेच कनेक्टर. बसवला. लाइट बरोबर, वायपर बरोबर, हॉर्न बरोबर. मी खूश!

आप्पांनी गाडी दहा फूट पुढं घेतली आणि आत बझर कोकलायला लागला. समोर लाल दिवा. दिव्याचा अर्थ असा, की मागची बॉडी वर उचललेली आहे, गाडी थांबवा.

आप्पांनी खिडकीतून मान काढून मागं बघितलं. मग खाली उतरून बघितलं. "खालीच हाय की रं!"

डबा निघाला होता डंपरचा! त्याच्या डोक्यात डंपरचंच सेटिंग. आप्पांची गाडी पहिला गिअर टाकला की स्वतःला डंपर समजत होती.

मामा म्हणाले, "आप्पा, तुमचा ग्रामसेवक दुसऱ्या गावावरनं बदलून आलाय. आजून जुन्याच गावाच्या सह्या करतोय."

*

आता त्याला नव्या गावचं शिकवायचं म्हणजे कोडिंग. ते काम मिश्राचं. मिश्रा सणसवाडीला खोली घेऊन राहतो, लॅपटॉप घेऊन गाड्यांची कोडिंग करत फिरतो. मोठा हुशार माणूस. त्यानं बॅटरीला चार्जर जोडला, लॅपटॉप लावला आणि सगळ्यांना दम दिला.

"बीस मिनट कोई गाडी को हाथ नहीं लगाएगा. चाबी ऑन रहेगी. बंद हुई तो मॉड्यूल गया समझो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आप्पांनी सगळ्यात जास्त.

आता आमच्या फाट्याची एक पद्धत सांगतो. चहाचं हॉटेल रस्त्यापलीकडं आहे. मधून गाड्या सुसाट जातात, ओरडलेलं ऐकू जात नाही. म्हणून दुकानात जी गाडी उभी असेल तिचा हॉर्न वाजवायचा. जितके हॉर्न तितके चहा. लांब हॉर्न म्हणजे बिनसाखरेचा. गिऱ्हाइकालाही हे पाठ आहे.

मिश्राचं काम पंधरा मिनिटं रंगात चाललं होतं. आप्पांना वाटलं, बिचारा आपल्यासाठी उन्हात बसलाय, ह्याला चहा नको का? ते केबिनमध्ये चढले आणि हॉर्न दाबला. वाजला नाही. वाजणार कसा, डबा तर शिकायला बसलेला! आप्पांनी परत दाबला. वाजला नाही.

मग कोणताही ड्रायव्हर जे करतो तेच आप्पांनी केलं. चावी बंद केली आणि परत चालू केली!

मिश्रा किंचाळला. "अरे बाबा! चाबी क्यूँ घुमाई?"

"तुमच्यासाठीच," आप्पा म्हणाले. "चाय."

गाडी मेल्यासारखी पडली. एक दिवा लागेना. मिश्रानं डोक्याला हात लावला. आप्पांचा चेहरा उतरला. "मीच घालवली," एवढंच ते म्हणाले आणि दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. मामांनी बॅटरीच्या दोन्ही केबली काढल्या, अर्धा तास गाडीला तसंच ठेवलं. मिश्रानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. यावेळी चावी लावलेल्या केबिनचं दार मी स्वतः पाठ लावून धरलं होतं.

वीस मिनिटांनी मिश्रा म्हणाला, "हो गया." आप्पांनी पायरीवरूनच विचारलं, "आता वाजवू का?"

त्यांनी पाच हॉर्न वाजवले. आम्ही माणसं चारच होतो. पाचवा चहा आप्पांनी खंडोबापुढं ठेवला.

*

पासिंगला मी मुद्दाम बरोबर गेलो. धनंजय रजा टाकून आला होता. साहेब कमी बोलणारे, शिस्तीचे. डावा म्हटलं की डावा लागला, उजवा म्हटलं की उजवा. वायपर, हॉर्न, हेडलाइट, पार्किंग, सगळं पहिल्या दाबात! एकदा आप्पांचा हात सवयीनं डॅशबोर्डवर चापट मारायला वर गेला. त्यांनी हात तसाच पुढं नेला आणि देवाला नमस्कार केला.

गाडी पास झाली.

मला इतका आनंद झाला की विचारू नका. आप्पांनी पेढे वाटले. धनंजयही खूश होता. "बघू आप्पा," म्हणून तो स्टेअरिंगवर बसला आणि त्यानं गाडी आवारातून सरळ बाहेर काढली. ना चापट, ना काही.

"बाळूशेठ, मानलं तुम्हाला!" तो म्हणाला. "आता ही गाडी कुणीपण चालवू शकतं."

आप्पा क्लीनरच्या बाजूला बसले होते. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी झाकण लावून बाजूला ठेवला. मी आपला माझ्याच कौतुकात होतो, मला तेव्हा कळलं नाही.

*

आठवड्यात धनंजयनं वरवंडचा एक ड्रायव्हर ठेवला. "गाडी ठेवतो म्हणालो होतो, ठेवली की," तो बापाला म्हणाला. "पण आता तुम्ही आराम करा." त्यात कुठं खोट काढणार?

आप्पा एसटीनं आमच्याकडं यायला लागले. एक दिवसाआड यायचे, मामांशेजारी बाकावर बसायचे. मामा वायरी सोलायचे, आप्पा बघायचे. दोघं हळू आवाजात बोलायचे. मधे एकदा गाडी हेडलाइटचा बल्ब बदलायला येऊन गेली. त्या दिवशी मी शिरूरला सामानाला गेलो होतो. बल्ब मामांनी बदलला.

दुसऱ्याच दिवशी गाडी परत दारात! धनंजय, ड्रायव्हर आणि मागोमाग आप्पा. ड्रायव्हर रडकुंडीला आलेला.

"हॉर्न दाबला की काचंवर पाणी उडतंय! समोर म्हशी आडव्या आल्या. मी हॉर्न दाबतोय, काच धुऊन निघतीय, आन् म्हशी हायत तिथंच! मला न्हाई चालवायची ही गाडी."

धनंजय म्हणाला, "बाळूशेठ, डबा परत गेला का?"

मी स्कॅनर लावला. बीसीएममध्ये एकही फॉल्ट नाही. छपराखाली बघितलं. डबा कोरडा ठणठणीत. मग स्टेअरिंगखालचं कव्हर उघडलं.

हॉर्नची वायर पाण्याच्या बटणाला आणि पाण्याच्या बटणाची वायर हॉर्नला. मुद्दाम, निवांत, सुरेख केलेलं काम. जोडावर स्लीव्ह चढवलेली, वर टेप. आणि टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं. पुढच्या माणसाला टेप काढायला नख मारावं लागू नये, म्हणून. अख्ख्या दोन तालुक्यांत असं टोक दुमडणारा एकच माणूस मला माहीत आहे. त्यानंच मला शिकवलं.

मी मान वर केली. मामा उन्हात उभे राहून करंट तपासायचा टेस्ट लॅम्प पुसत होते. आप्पा बाकावर बसून गुडघा चोळत होते. दोघांपैकी कोणीही माझ्याकडं बघत नव्हतं.

"सापडला का रं फॉल्ट?" मामांनी विचारलं, टेस्ट लॅम्पकडंच बघत.

आजवर माझ्या दुकानातून एकही गाडी फॉल्ट न सापडता गेलेली नाही. हे मी शिरूरला सांगतो, दौंडला सांगतो, पाहुण्यांच्या लग्नातसुद्धा सांगतो.

मी कव्हर लावलं. चारही स्क्रू घट्ट केले.

"न्हाई सापडला," मी म्हणालो.

धनंजय चकित झाला. "तुम्हाला?"

"मला. डबा ओके, कोडिंग ओके. काही गाड्या असत्यात अशा, त्यांना सवयीचा हात लागतो. ड्रायव्हर बदला."

धनंजयनं माझ्याकडं बघितलं. मग मामांकडं. मग बराच वेळ बाकावर बसलेल्या आप्पांकडं. त्यानं ड्रायव्हरच्या हातातली चावी घेतली आणि आप्पांच्या मांडीवर ठेवली.

आप्पा उठले. गुडघ्यांनी जरा कुरकुर केली, पण पायरी ते एका दमात चढले. गाडी रस्त्याला लागताना त्यांनी काच धुवायचं बटण दाबलं, आणि हॉर्न अख्ख्या फाट्याला ऐकू गेला.